शेजारच्या आकाशगंगेवरचे डाग

फोटो लोण्यासारखा मऊ करून देतात म्हणून त्यांना लोणीकाका म्हणायला लागले, आणि ते नाव असं चिकटलं की दुकानावर फोटो स्टुडिओची ही मोठी पाटी असूनही एकदा एक बाई खरोखरच स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना लोणी नाही म्हणून परत पाठवलं नाही. खुर्चीत बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली, फोटो काढला, आणि आठवड्याभरानं असा फोटो हातात ठेवला की बाई डबा तिथंच विसरून गेल्या. सुरकुती नाही, पुटकुळी नाही, डोळ्यांखालचं काळं नाही. बाईंच्या नवऱ्यानं म्हणे फोटो बघून विचारलं, कोणाचं स्थळ आहे? आता ते खरं की खोटं देव जाणे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, पण काका स्वतःच ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. डबा अजून दुकानात आहे, त्यात ते ब्रश ठेवतात.

हे कसब काही कॉम्प्युटरवर शिकलेलं नव्हतं. फिल्मच्या जमान्यात काका थेट निगेटिव्हवर हात चालवायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे आता नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. चेहरा काळा, केस पांढरे, आणि गालावर तीळ असेल तर त्या जागी उजेडाचा ठिपका. निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवायची, वरून पातळ रोगण फिरवायचं, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तो ठिपका शिसं भरून बुजवायचा. मग छापलेल्या फोटोत तीळ औषधालाही सापडत नाही. काका हे श्वास रोखून करायचे, आणि एक ठिपका म्हणून सोडायचे नाहीत. हातचं राखून काम करणं त्यांना कधी जमलंच नाही.

त्यांची बायको त्यांना भेटली ती याच दुकानात. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून ती आली होती. चेहऱ्यावर तीळच तीळ. नाकावर, गालांवर, कपाळावर, एक तर थेट पापणीवर. काकांनी अख्खी दुपार त्या निगेटिव्हवर घालवली आणि एकूण एक बुजवला. ती फोटो न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मुलगी छान आहे, आता हिला शोधून आणा, नोकरी हिलाच मिळणार. काकांना हसू आवरेना. त्या हसण्याचं पुढं लग्न झालं.

लग्नानंतरही प्रत्येक फोटोच्या वेळी ती म्हणायची, 'अहो, राहू द्या ना एखादा.' काका म्हणायचे, तुला यातलं कळत नाही, आणि पेन्सिलीला टोक काढायला बसायचे. समुद्रावरचा फोटो असो, मुलगी मांडीवर असतानाचा असो, बहिणीशेजारी उभी असतानाचा असो, सगळीकडे बायको सोललेल्या अंड्यासारखी नितळ. त्यांच्या लेखी हे प्रेमच होतं, आणि मला विचाराल तर होतंही. पण प्रेम करणाऱ्यानं कानात बोळे घातले की काय होतं ते पुढं बघा.

किरकोळ म्हणता म्हणता दुखणं वाढलं आणि ती गेली. लेकीच्या पोटात तेव्हा बाळ होतं, त्यामुळे नातीनं आजी पाहिलीच नाही. नात शाळेत जायला लागली आणि तिच्या नाकावर तीळ उमटले, मग बघता बघता गालांवर उतरले. वर्गात कुणीतरी म्हणालं, तुझं तोंड मळलंय. पोरगी घरी येऊन साबणानं नाक घासत बसली, पार लाल होईपर्यंत. लेकीनं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, अगं हा मळ नाही, हे तुझ्या आजीचे तीळ आहेत. पोरगी म्हणाली, दाखव. आणि इथंच गाडी अडली. लेकीनं घरातले सगळे आल्बम उलथेपालथे केले. आजीचे फोटो पुष्कळ, तीळ एकही नाही. नात म्हणाली, तू खोटं बोलतेस.

लेकीनं भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि तशीच दुकानात आली.

'बाबा, ही कोण आहे?'

'कोण म्हणजे? तुझी आई.'

'मग आईचे तीळ कुठं आहेत?'

काका म्हणाले, मी तुझ्या आईला जन्मभर सुंदर ठेवलं. त्यावर लेक अगदी शांतपणे म्हणाली, 'ती नव्हती का?' फ्रेम तिनं काउंटरवर पालथी घातली आणि निघून गेली.

बोलणं काही टाकलं नाही तिनं. रविवारी फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. पण त्या बोलण्यातलं मीठ गेलं होतं, आणि नात तर फोनवर यायचीच बंद झाली. काका वरवर म्हणायचे, पोरांना कष्टाची कदर नाही. आतून मात्र जीव पोखरला जात होता. तीळ दिसेल असा आजीचा एक, फक्त एक फोटो त्या पोरीच्या हातात ठेवता आला असता तर सगळं मिटलं असतं, आणि नेमका तोच त्यांच्याकडे नव्हता. निगेटिव्हचं जुनं कपाट छत गळून भिजलं होतं, फिल्म एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. वाचली होती ती एकच, नोकरीच्या अर्जाची, कारण ती काकांनी टेबलाच्या खणात जिवापाड जपली होती. पण तीसुद्धा बुजवलेलीच की.

अशात एक दिवस संशोधक बाई आल्या. शहराच्या टोकाला टेकडीवर तारे बघणाऱ्यांची संस्था आहे, तिथल्या या. काखेत हेल्मेट, पिशवीत जेवणाचा डबा आणि डब्याखाली फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क. संस्थेच्या दालनात त्यांना भिंतभर फोटो लावायचा होता, आणि एवढं मोठं छापणारं मशीन काकांकडेच होतं. हल्ली दुकान चालायचं तेही त्या मशीनवरच, बॅनर छापून.

फोटो कोणाचा, काकांनी विचारलं. शेजारच्या आकाशगंगेचा, बाई म्हणाल्या, देवयानी म्हणतात तिला, आणि काढलाय अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीनं. शेजारची म्हणजे किती लांब? तर म्हणे तिथला उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. काका म्हणाले, मग शेजार कसला बाई, वाटीभर साखर मागायला गेलं तर चहा गार होईल. बाई खळखळून हसल्या, जसा आहे तसाच छापा म्हणाल्या, आणि गेल्या. 'जसा आहे तसाच' हे शब्द काकांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडले, हे तुम्ही ओळखलंच असेल.

फाइल उघडता उघडता कॉम्प्युटरला धाप लागली. उघडली तेव्हा पडदाभर एक तिरकी तबकडी, मधोमध पिवळसर उजेड, कडेनं निळसर पट्टे आणि धुरकट रेघा. काका खूश झाले. मग सवयीनं त्यांनी फोटो जरा जवळ आणून बघितला आणि कपाळावर हात मारला. मीठ सांडावं तसे अख्ख्या फोटोवर दाणे. काकांना दुर्बीणवाल्यांची कीवच आली. एवढं यंत्र आभाळात पाठवलं, आणि फोटो हा असा खरखरीत. उजेड कमी पडला असणार, उजेड कमी पडला की दाणे येणारच. पण असलं काम आपल्या दुकानातून भिंतीवर लागलं तर नाक कापलं जाईल. त्यांनी बाह्या सरसावल्या.

आधी त्यांनी कॉम्प्युटरमधलं दाणे मारायचं हत्यार चालवलं, आणि ते जिथं कमी पडलं तिथं हातानं पुसलं. दिवसामागून दिवस, चौकोन चौकोन करत, त्यांनी ती आकाशगंगा घासूनपुसून लख्ख केली. शेवटी ती अशी दिसायला लागली की हात फिरवावासा वाटावा, नुसतं रेशीम. भिंतभर फोटोचा पहिला पट्टा छापून त्यांनी दुकानात टांगला आणि बाईंना फोन केला.

बाई आल्या, पट्ट्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलेचनात. काकांना वाटलं, भारावल्या. ते कौतुकाची वाट बघत शेजारी उभे. बाईंनी हळूच स्टूल ओढलं, खाली बसल्या आणि म्हणाल्या,

'काका, यातले तारे कुठं गेले?'

काका म्हणाले, तारे कुठले, दाणे होते, ते मी काढले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागवावं तर समोरचा माणूस इतका भोळा, की रागही येईना. मूळची फाइल आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. होती, डिस्क फडक्यात तशीच होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, काकांना शेजारी बसवलं, मूळचा फोटो उघडला आणि जवळ जवळ आणायला लागल्या.

कडेचा एक निळसर पट्टा मोठा होत गेला. धुकं होतं त्याचे दाणे झाले. इथवर काका आले होते, इथंच त्यांनी हत्यार काढलं होतं. बाई थांबल्या नाहीत. दाणे मोठे झाले, एकमेकांपासून सुटे झाले, दोघांच्या मधला काळोख दिसू लागला. एक दाणा निळा होता. त्याच्या शेजारचा तांबडा. पलीकडे पांढरे, फिकट पिवळे, आणि काही इतके पुसट की नजर हलवली तर हरवतील. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. हा एक सूर्य. हा दुसरा. हा तरणा, भराभर जळून संपणार. हा म्हातारा. आणि हे सगळे आपल्या सूर्याहून तेजस्वी म्हणून तरी दिसतात. आपल्या सूर्याएवढे तर यात उमटलेलेसुद्धा नाहीत.

काकांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला आणि फोटो सरकवायला लागले. डावीकडे तारे, वर तारे. आता संपतील, मग संपतील, म्हणून सरकवत गेले, पण कड येईना. मधेच धुळीची एक काळी रेघ आली, वाटलं इथं तरी, तर रेघेच्या मागूनही डोकावत होते. समोरच्या चहावर साय धरली. आयुष्यभर काकांनी दाणे भिंगाखाली धरून पाहिले होते, ते शत्रू म्हणून. त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक सूर्य, आणि हा उजेड तिथून निघाला तेव्हा त्याच्याकडे बघायला आपल्यासारखं माणूस पृथ्वीवर नव्हतंच, हे ऐकून त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं मोठं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तेच ते फडकं घेऊन पुसत बसले होते.

बाई सांगत होत्या आणि काका शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. नुसत्या डोळ्यांना ही आकाशगंगा काळोख्या रात्री एक पुसट डाग दिसते. जमिनीवरून दुर्बीण लावली तर मधली हवा हलते, वाहत्या पाण्याखालचा खडा दिसावा तसं सगळं थरथरतं. म्हणून दुर्बीण हवेच्याही वर न्यायची. तिची नजर तीक्ष्ण पण चिमुकली. हात लांब करून राईचा दाणा धरला तर त्याच्याआड जेवढं आभाळ झाकेल तेवढंच तिला एका वेळी दिसणार. मग अशा तुकड्या-तुकड्यांनी, वर्षानुवर्षं, गोधडी शिवावी तसा हा फोटो जोडत आणलेला.

हळूहळू काकांमधला कारागीर जागा झाला. म्हणजे तुमच्या फोटोंवर डाग पडतच नाहीत म्हणा की. बाई म्हणाल्या, पडतात तर. अवकाशात भरकटणारे कण दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर आदळतात आणि हुबेहूब ताऱ्यासारखे ठिपके उमटवतात. मग खरा कुठला आणि खोटा कुठला, हे कसं ओळखता, काकांनी विचारलं.

'त्याच जागेचे पुन्हा पुन्हा फोटो काढायचे, काका,' बाई म्हणाल्या. 'जो ठिपका एकाच फोटोत दिसतो तो कचरा, तो काढून टाकायचा. जो प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो तो तारा. त्याला हात लावायचा नाही.'

काका ते शब्द पुटपुटले. प्रत्येक फोटोत, त्याच जागी. समुद्रावरच्या फोटोत, मांडीवर मुलगी असलेल्या फोटोत, बहिणीशेजारच्या फोटोत, तोच नाकाच्या शेंड्यावरचा, तोच पापणीवरचा. पेन्सिल घेऊन ते दरवेळी बरोबर त्याच जागी परत गेले होते, आणि ती दरवेळी मागून म्हणाली होती, राहू द्या. त्यांचे डोळे वाहायला लागले. बाईंना वाटलं फोटो बिघडवल्याचं मनाला लागलं. त्या समजूत घालायला लागल्या की अहो, आमची फाइल शाबूत आहे, पुन्हा छापू.

'माझी शाबूत आहे का ते बघायचंय,' काका म्हणाले.

कारण त्यांच्या डोक्यात आता एकच गोष्ट घुमत होती. पेन्सिल ती पेन्सिलच. रोगणावर बसलेलं शिसं टर्पेंटाइननं निघतं, हे तर उमेदवारीत पहिल्या दिवशी शिकवतात. हात चुकला तर पुसा आणि पुन्हा करा. पण काकांचा हात कधी चुकायचाच नाही, त्यामुळे पुसायची वेळ आली नाही. आणि नीट पार पडलेलं काम कुणी मुद्दाम पुसेल, हा विचार त्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण निगेटिव्ह एकच होती, आणि जुनी. कापूस जरा जोरात फिरला आणि खालचा थर सोलला गेला, तर तिळांबरोबर चेहराही जायचा. मग तीळ नसलेली आजीसुद्धा उरायची नाही.

काकांनी आधी आकाशगंगेचा पट्टा पुन्हा छापला, एका दाण्यालाही हात न लावता, आणि तो दुकानात टांगला. मग लेकीला स्वतःहून फोन केला. 'नातीला घेऊन ये,' ते म्हणाले. 'एकट्याचा हात धजत नाही.'

रविवारी सकाळी दोघी आल्या. लेक आखडलेलीच होती. नात मात्र सरळ पट्ट्याकडे गेली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. काकांनी लेकीला टेबलाशी नेलं, काय करणार ते सांगितलं, आणि बिघडलं तर काय होईल तेही सांगितलं. तिनं निगेटिव्हकडे पाहिलं. मग म्हणाली, करा.

दिव्याच्या काचेवर निगेटिव्ह ठेवली. काळा सपाट चेहरा, पांढरे केस. नात येऊन बघून म्हणाली, ही भुताची आहे. काका म्हणाले, थांब जरा. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला, टिपून घेतला. पण काडी निगेटिव्हवर टेकता टेकेना. लेकीनं खालून त्यांचं मनगट धरलं.

कापूस नाकावरून फिरला. काही झालं नाही. पुन्हा फिरला, राखाडी झाला, आणि त्या काळ्या चेहऱ्यात उजेडाचा एक ठिपका लागला. त्याच्या शेजारी दुसरा. मग गालावर एकदम पाच-सहा, मग कपाळावर. कापूस बदलत गेला आणि ठिपके लागत गेले, एकेक आपापल्या जागी, इतकी वर्षं शिशाखाली वाट बघत बसलेले. नातीनं मान वर करून भिंतीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग पुन्हा काचेकडे. शेवटी पापणी राहिली. काकांनी श्वास रोखला, कापूस अगदी हलका टेकवला, आणि तोही उजळला.

'आई,' लेक म्हणाली.

फोटो छापून आला त्यात नोकरीच्या अर्जासाठी आलेली एक मुलगी होती, चेहराभर तीळ, ओठ मिटून हसू दाबणारी. गिऱ्हाईकं केस विंचरतात त्या आरशासमोर नात तो फोटो गालाशी धरून उभी राहिली आणि एकेक तीळ ताडून बघू लागली. हा तिचा, हा माझा. हा तिचा, हा पण माझा. काकांनी तिकडे बघायचं टाळलं, नाहीतर पुन्हा रडले असते. तेवढ्यात ती धावत आली. आजीच्या हनुवटीवर एक आहे, म्हणाली, तो माझ्याकडे नाही.

काकांनी भिंग लावलं. हनुवटीच्या कडेला बारीकसा ठिपका होता खरा. तीळ असेल, नाहीतर फिल्मवरचा जुना डाग असेल; त्या जुन्या दुपारी त्यांनी तीळ आणि डाग दोन्ही सारख्याच पेन्सिलीनं बुजवले होते. हात सवयीनं लोण्याच्या डब्याकडे गेला आणि त्यातला बारीक ब्रश घेऊन आला. दुसऱ्या एखाद्या फोटोशी ताडून बघितलं असतं, पण दुसरा नव्हताच. लेकीनं विचारलं, 'बाबा, हा होता का आईला?'

काका आठवत राहिले. जिच्यासमोर जन्म काढला तिच्या हनुवटीवर तीळ होता की नव्हता, हे त्यांना आठवेना. 'माहीत नाही गं,' ते शेवटी म्हणाले.

नात ब्रशकडे बघत होती. 'आजोबा, काढणार तुम्ही तो?'

काकांनी ब्रश डब्यात परत ठेवला.

'राहू दे,' ते म्हणाले. 'राहू दे एखादा.'